तिथी पाहून आकाश पाहावे

व्यापारी कुटुंबांना तिथीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. वहीपूजनापासून सोयरिकीपर्यंत आपल्या घरांत पंचांग उघडल्यावाचून काही ठरत नाही. हेच पंचांग हौशी आकाशनिरीक्षकाचेही पहिले साधन आहे, याची जाणीव मात्र थोड्यांना असते. चंद्र आणि सूर्य यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. त्यामुळे चंद्र केव्हा मावळेल आणि आकाश किती काळोखे असेल, हे तिथीवरून घरबसल्या ताडता येते. तारे आणि उल्का पाहायच्या तर अमावास्येच्या आगेमागे. ग्रहणे मात्र ठरलेलीच, सूर्याचे अमावास्येला आणि चंद्राचे पौर्णिमेला.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मिथुन राशीतील उल्कावर्षाव. ‘जेमिनिड’ या नावाने ओळखला जाणारा हा वर्षाव दरवर्षी १३ व १४ डिसेंबरच्या सुमारास भरात असतो. बहुतेक उल्कावर्षावांचे मूळ धूमकेतूंत असते. याचे मूळ मात्र १९८३ मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहात आहे. त्याने मागे टाकलेले कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने आपल्या वातावरणात शिरतात आणि जळून जातात. निरभ्र, काळोख्या जागी मिथुन रास माथ्यावर असताना तासाला शंभराच्या घरात उल्का दिसू शकतात. शहरातील गच्चीवरून त्यांतल्या मोजक्याच वाट्याला येतात.

आता येत्या तीन हिवाळ्यांचा हिशेब पाहू. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावास्या आहे. म्हणजे १४ तारखेला चंद्र कोवळा असेल आणि रात्री अकराच्या आत मावळेल. त्यानंतर पहाटेपर्यंत आकाश मोकळे. २०२७ मध्ये ऐन १३ डिसेंबरला पौर्णिमा असल्याने चांदण्यात बहुतेक उल्का बुडून जातील. त्या वर्षी प्रवासाचा खर्च करू नये. २०२८ मध्ये मात्र १६ डिसेंबरला अमावास्या येते. त्या १३ व १४ तारखेच्या रात्री जवळजवळ पूर्ण काळोख्या असतील. ज्यांना एकच सहल आखणे शक्य आहे, त्यांनी हे वर्ष राखून ठेवावे.

त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा योग आहे. ३१ डिसेंबर २०२८ रोजी पौर्णिमा असून त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आहे. साडेआठनंतर चंद्राला ग्रहण लागू लागेल आणि पावणेदहा ते अकराच्या दरम्यान तो तांबूस दिसेल. पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला लाल प्रकाश त्या वेळी चंद्रावर पडत असतो. हे ग्रहण भारतातून, अगदी भर शहरातूनही, नुसत्या डोळ्यांनी निर्धास्तपणे पाहता येईल.

त्याआधी फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ हे दोन्ही ग्रह सिंह राशीत, सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवताना दिसतील. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकणाऱ्या घरांना ही वेळ सोयीची आहे. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र दहापट क्षमतेच्या साध्या द्विनेत्रीतूनही दिसतात. हात मात्र कठड्यावर स्थिर टेकवावेत. पहिल्याच वर्षी महाग दुर्बीण घेणे म्हणजे बाजार न पाहता माल भरण्यासारखे आहे.

२ ऑगस्ट २०२७ च्या खग्रास सूर्यग्रहणाची चर्चा आतापासून सुरू आहे. इजिप्तमधील लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक काळ टिकेल. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास असेल, पण ऑगस्टचे ढग आडवे येण्याचीच शक्यता अधिक. २२ जुलै २००९ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी सुरतेपासून पुढे अनेक ठिकाणी पावसाळी ढगांनी हौशी निरीक्षकांची निराशा केली होती. ऑगस्टमधील ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव आपल्याकडे क्वचितच दिसतो, तोही याच कारणाने. सूर्यग्रहणाच्या खंडग्रास अवस्थेत प्रमाणित गाळणीच्या चष्म्याशिवाय सूर्याकडे पाहू नये. एक्स-रेची फिल्म किंवा काजळी लावलेली काच चालत नाही.

तिथी साधली तरी जागा साधावी लागते. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि मुंबईचे खगोल मंडळ यांच्यासारख्या संस्था आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतात. नवख्यांनी पहिली रात्र अशा जाणकारांसोबत काढावी. सतरंजी, गरम कपडे आणि लाल कागद गुंडाळलेली बॅटरी एवढे सामान पुरते. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाईलच्या एका झोताने ती सारी फुकट जातात.

खरी अडचण आपल्याच दिव्यांची आहे. मुंबई-पुण्यात वाढणाऱ्या मुलांना आकाशगंगा केवळ चित्रातून ठाऊक असते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथे आकाश राखण्यासाठी दिव्यांची तोंडे खाली वळवली गेली. हे आपल्या दुकानांच्या आणि गोदामांच्या बाबतीतही शक्य आहे. शटर ओढल्यावर पाटीचे दिवे बंद ठेवावेत; रखवालीचा दिवा जमिनीकडे तोंड करून, वर झाकण असलेला बसवावा. आकाशाकडे गेलेला उजेड कोणाच्याच उपयोगी पडत नाही, वीजबिलात मात्र तो लागतो. एका पेठेतील दुकानदारांनी मिळून एवढे केले, तरी त्या पेठेतील गच्चीवरून आज न दिसणारे काही तारे दिसू लागतील.

तोवर नव्या दिनदर्शिकेवर या तारखांभोवती खुणा करून ठेवाव्यात आणि त्या रात्री नातवंडांना झोपेतून उठवण्याची परवानगी घरातून आधीच काढून घ्यावी.