घर विकण्यापूर्वीं

घर विकावयाचें ठरलें म्हणजे बहुतेक कुटुंबांत पहिली आठवण होते ती रंगाऱ्याची. माझ्या मतें तो सर्वांत शेवटीं यावा. पुण्याच्या एखाद्या पेठेंतील वडिलार्जित घर डोळ्यांपुढें ठेवून आज या विषयाचा विचार करूं.

प्रथम नगर भूमापन कार्यालयांतून घराची मिळकतपत्रिका काढावी. पुष्कळदां तींत दिवंगत आजोबांचेंच नांव आढळतें. घरपट्टीच्या पावत्या कितीहि जपून ठेवल्या असल्या तरी त्यांनीं मालकी सिद्ध होत नाहीं. मृत्युदाखले जोडून वारसांची नोंद करून घ्यावी. खरेदीदाराचा वकील आधीं तीच पाहतो आणि मग मागील तीसएक वर्षांचे व्यवहार तपासूं लागतो.

वारस म्हटले कीं बहिणींचा प्रश्न आला. ‘ताईचें लग्न थाटांत करून दिलें, आतां ती काय मागणार आहे?’ हें वाक्य शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडूनहि ऐकूं येतें. लग्नांत काय दिलें याची चौकशी कायदा करीत नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याप्रमाणें, वडील मृत्युपत्र न करतां वारले असतील तर त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत पत्नी, मुलगे व मुली यांचा वाटा सारखाच. २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या मिळकतींतहि मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला. त्या वर्षीं वडील हयात असलेच पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वाटण्या मात्र यांतून वगळल्या आहेत.

बहीण गप्प बसली म्हणजे तिनें हक्क सोडला असें होत नाहीं. सोडावयाचा असेल तर हक्कसोडपत्र लिहून तें नोंदविलें पाहिजे. नसेल तर तीहि खरेदीखतावर सही करील व आपला वाटा घेईल. यांत रागावण्यासारखें काय आहे, तें मला कळत नाहीं. दलाल दारांत येण्यापूर्वीं भावानें स्वतः तिच्या घरीं जावें. विक्रीची वार्ता तिला परक्याकडून कळूं नये.

आतां भिंतींकडे वळूं. जुन्या घराची वीट आणि चुना यांची भिंत जमिनींतील ओल शोषते, तशीच ती हवेंत सोडतेहि. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा तेलरंग चढविला कीं ही वाट बुजते, ओल वर चढते, क्षार फुटतात आणि पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तोंवर पैसे हातीं पडलेले असतील, असा हिशेब कोणीं करूं नये. खरेदीदारास साधारण काळजीनें पाहूनहि दिसणार नाहीं असा मोठा दोष विकणारास ठाऊक असेल, तर तो सांगितलाच पाहिजे, असें १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचें ५५ वें कलम सांगतें. न सांगणें हें कपट ठरतें. म्हणून गळके पन्हळ आधीं दुरुस्त करावे, भिंत वाळूं द्यावी, मग चुन्याचा हात फिरवावा. तरीहि जेथें ओल राहील तेथें बोट ठेवून ती दाखवावी.

बाकीचें काम सोपें आहे. माळा रिकामा करतांना पत्र्याच्या पेटीतील एकहि कागद न वाचतां रद्दींत घालूं नये. जुनें खरेदीखत, वाटणीपत्र, फेडलेल्या गहाणाचा दाखला तींतच निघतो. पूर्ण किंमत मिळाल्यावर मूळ कागद खरेदीदारास द्यावयाचे असतात, तेव्हां त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या. किल्ल्यांबरोबर एक चिठ्ठीहि द्यावी: नळाची मुख्य तोटी कोठें आहे, मोरीचें पाणी कोणत्या बाजूनें जातें. घरांतील वडीलधाऱ्यांवांचून तें सहसा कोणास ठाऊक नसतें.