बसा म्हणण्याआधी

मी लहान असताना आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत खुर्ची पाहिल्याचं मला आठवत नाही. पुढे एखाद-दुसरी आली. आता शुक्रवारच्या नमाजाला मागच्या भिंतीलगत खुर्च्यांची अख्खी रांग असते आणि तिच्यावर माझ्या वर्गातली मुलं बसलेली असतात. मुलं म्हणजे पन्नाशी ओलांडलेली! नमाजात उभं राहायचं, कमरेत वाकायचं, कपाळ जमिनीला टेकायचं आणि पुन्हा उभं राहायचं, असा क्रम असतो. गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी सजद्यातून उठताना मला गुडघ्यावर हात दाबून उठावं लागलं. शेजारच्या दोस्तानं ते पाहिलं. बाहेर आल्यावर प्रेमानं म्हणाला, "अरे, खुर्ची घे की. आता आपलं वय राहिलंय का?"

मी सत्तावन्न वर्षांचा. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. शरीरशास्त्राशी माझा संबंध दवाखान्यापुरताच. पण माझी पुतणी फिजिओथेरपी शिकते. तिला हा किस्सा सांगितला, तर तिनं स्वयंपाकघरातली हात नसलेली खुर्ची आणून भिंतीला टेकवली. म्हणाली, "चाचा, तुमचं वय झालंय की सवय गेलीय, ते आधी बघू."

दोन्ही हात छातीवर दुमडायचे, पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं. तीस सेकंदांत किती वेळा जमतं, एवढंच मोजायचं. माझे अकरा झाले आणि मला धाप लागली. तिनं सांगितलं, साठ ते चौसष्ट वयाच्या पुरुषाला किमान चौदा जमायला हवेत, बाईला बारा. म्हणजे माझ्याहून मोठ्या माणसांच्याही मी मागे होतो.

ही साधी चाचणी कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या फुलर्टन इथल्या जेसी जोन्स आणि रॉबर्टा रिकली या दोघींनी १९९९ साली मांडली. मला गंमत वाटली. विद्यापीठात खुर्चीतून उठण्याचाही अभ्यास होतो? पुतणी म्हणाली, क्रीडाशास्त्र म्हणजे फक्त धावपटूंना पदकं मिळवून देणं नव्हे. जगभरच्या अनेक विद्यापीठांत आता या विभागात शरीरक्रिया शिकवणारे, डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात. ज्या पट्ट्यावर सकाळी विशीतला खेळाडू धावतो, त्याच पट्ट्यावर दुपारी सत्तरीतल्या आजी चालतात. या सगळ्यांपुढचा प्रश्न एकच. म्हातारपण म्हणून आपण जे सोसतो, त्यातलं किती वयामुळे येतं आणि किती बसून राहिल्यामुळे?

त्यावरचा एक प्रयोग ऐकून मी गप्पच झालो. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथल्या वैद्यकीय शाखेत विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची दमसास, म्हणजे शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, आधी आणि नंतर मोजली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा शोधून काढलं. आता ते पन्नाशीत होते, अंगानं सुटलेले. तरीही त्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं त्यांची क्षमता जेवढी घटली होती, तेवढी तीस वर्षांच्या वयानं घटली नव्हती! मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला. तीस वर्षांत गमावलेलं परत आलं.

"हे पन्नाशीचं झालं," मी म्हणालो, "ऐंशी-नव्वदीचं काय?" तिच्याकडे त्याचंही उत्तर होतं. टफ्ट्स विद्यापीठाच्या मारिया फियाटारोन यांनी १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धसेवा केंद्रातल्या दहा जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची वयं होती ८६ ते ९६. आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांनी चांगलं जड वजन उचलण्याचा व्यायाम. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. व्यायाम थांबवल्यावर मात्र कमावलेली ताकद काही आठवड्यांतच ओसरू लागली. स्नायूला वय कळतं, पण काम त्याहून जास्त कळतं, एवढा अर्थ मी त्यातून घेतला.

इथवर मी ऐकत होतो ते कुतूहलानं. पुढचं ऐकताना मात्र मला माझी अम्मी आठवली.

अब्बा गेल्यावर आम्ही अम्मीला गावाहून शहरातल्या फ्लॅटमध्ये आणलं. गावी ती जमिनीवर बसून भाकरी थापायची, अंगण झाडायची, कोंबड्यांमागे धावायची. दिवसातून किती वेळा उठत-बसत असेल, मोजलं कोणी! इथं आम्ही तिच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं. "अम्मी, तू बस. खूप केलंस आयुष्यभर." भाकरीला बाई लावली. पाण्याचा पेला हातात दिला. दोन वर्षांत तिला जमिनीवरून उठता येईना. मग ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणावरून ती उठलीच नाही. आम्ही सेवेत कसूर केली नव्हती. किंबहुना सेवाच जास्त झाली होती.

एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं, तुमचे रोजचे छोटे निर्णय तुम्हीच घ्या. एकेक रोपटं त्यांनी स्वतः निवडायचं आणि स्वतःच जोपासायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली, पण सांगितलं की पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरचे बहुतेक जण अधिक आनंदी आणि हिंडते-फिरते दिसू लागले. दुसऱ्या मजल्यावरचे बहुतेक जण मात्र मलूल होत गेले. दोन्हीकडे माया होतीच. फरक होता तो रोपट्याला पाणी कोणी घालायचं, एवढाच.

आणि दोस्ताच्या त्या वाक्याचं काय? "आता आपलं वय राहिलंय का?" येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी २००२ साली ओहायो राज्यातल्या एका लहान गावच्या ६६० माणसांच्या नोंदी तपासल्या. पन्नाशीच्या पुढच्या या माणसांना १९७५ साली स्वतःच्या वाढत्या वयाबद्दल काय वाटतं, ते विचारलेलं होतं. ज्यांची भावना चांगली होती, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगले. वय, तब्येत, सांपत्तिक स्थिती, एकटेपणा या गोष्टी हिशेबात घेऊनही फरक उरला. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, हे पुतणीनंच मला बजावलं. तरी आपण एकमेकांना सहज काय बोलतो, याचा विचार करायला तो पुरेसा आहे.

याचा अर्थ कष्ट म्हणजे आरोग्य, असा कोणी घेऊ नये. शेतात राबून कंबर मोडलेल्या बाया आपण पाहतो. कष्टाला माप नसतं, व्यायामाला असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी माप सांगितलंय ते असं : आठवड्यात किमान दीडशे मिनिटं जरा दमवणारी हालचाल, दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. ज्यांना हृदयाचा, सांध्यांचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. आणि ज्यांना खरोखर उठवत नाही, त्यांना बसून नमाज पढण्याची मुभा धर्मानंच दिलेली आहे. त्यांच्या खुर्चीला माझा सलाम. माझं म्हणणं आहे ते माझ्यासारख्यांच्या खुर्चीबद्दल, जी गरजेआधीच येऊन उभी राहते.

त्या दिवसापासून मी रोज खुर्चीतून उठतो-बसतो, जिने चढतो, रात्रीचं जेवण जमिनीवर मांडी घालून घेतो. तीन महिन्यांनी अकराचे पंधरा झाले. थंडीत कधी गुडघ्यावर हात जातो, नाही असं नाही.

परवा खाला आमच्याकडे राहायला आल्या होत्या, अम्मीच्या धाकट्या बहीण, वय एक्क्याऐंशी. जेवताना त्या पाण्यासाठी उठू लागल्या. बायको लगबगीनं उठणार, तोच मी तिला हातानं थांबवलं. खाला भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, सावकाश आत गेल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या. आधी आमचे पेले भरले, मग स्वतःचा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)