वजन उर्फ इंट

2024 च्या ऑक्टोबरात पायथन 3.8 चा आधार संपला आणि आमच्या ऑफिसातल्या पोराने एका दुपारी माझ्या फायलींतल्या सगळ्या कॅपिटल ‘लिस्ट’ उडवल्या. 3.9 पासून अंगभूत, लहान अक्षरी ‘लिस्ट’लाच चौकटी कंस लावता येतो, मग टायपिंग मॉड्यूलमधलं ते टोपणनाव कशाला, असं त्याचं म्हणणं. बरोबरच आहे. तरी लागलं.

भातकुलीहून एसटीने अमरावतीला जाऊन टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकलेला मी. तिथला इंट दोन बाइटचा, 32767 च्या पुढे गेला की उणे. नव्वदीच्या अखेरीस एका जिनिंगसाठी कापसाच्या आवकेचा प्रोग्राम लिहिला, किलोंची बेरीज इंटमध्ये ठेवली. ऐन हंगामात 328 क्विंटल झाले नि पडद्यावर उणे 32736. मुनीमजी चष्मा वर करून म्हणाले, “भाऊ, कापूस येऊन राह्यला का जाऊन राह्यला?”

चूक माझीच. रात्रभर एकेक इंट हुडकून लाँग केला, तरी एक राहिलाच. मग शहाणपण आलं. फायलीच्या माथ्यावर एकच ओळ, ‘टाइपडेफ लाँग वजन’, आणि खाली सगळीकडे नुसतं वजन. हुरूप येऊन ‘रुपये’ही केलं. पुढे एकदा वजनात रुपये मिळवले, तर कंपायलर हूं की चूं करेना. त्याच्या लेखी दोघंही लाँगच.

तोंडी परीक्षेत ‘इंट किती बाइटचा ते कंपायलरवर’ म्हणालो, तर गुण कापले. परीक्षकांचं नाव घेत नाही. सी99 ने नेमक्या बिटांची नावं प्रमाणात आणली, तरी आमच्याकडे निळा पडदा हलला नाही.

जावाची वर्षं सोडून देतो. तिथे टाइपडेफच नाही. 2005 मध्ये विद्यापीठालाही संत गाडगेबाबांचं नाव लागलं. माझ्या पदवीवर नुसतं ‘अमरावती विद्यापीठ’ आहे. दोन्ही एकच, हे दर नोकरीत समजावत आलो.

लिस्टच्या बदलाला मी मंजुरी दिली. पण पोरगा ‘वजन’पाशी येऊन थांबला.

“सर, हे साधं इंटच ना?”

“हो.”

“आणि पायथनच्या इंटला तर मर्यादाच नाही.”

“नाही.”

“मग काढू?”

“राहू दे,” म्हटलं आणि चहाला उठलो.