गाळपेर

पौषाच्या सुमारास निफाड तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत रोज छापून येते, ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या पाऱ्यामुळे. हा पारा उतरू लागला की द्राक्षबागाईतदार धास्तावतो आणि मध्यरात्रीपासून बागेच्या कडेने शेकोट्या पेटवून घडांवर धुराचे पांघरूण घालीत बसतो. आणि नेमक्या त्याच वेळी ज्याच्या चित्तवृत्ती प्रफुल्लित होतात असा एक लहानसा विक्षिप्त वर्ग कानटोपी चढवून, गळ्यात दुर्बीण अडकवून, नाशिकहून चाळीसएक किलोमीटरांची वाट काळोखातच तुडवीत चापडगावच्या बाजूने गोदाकाठी येऊन उभा राहतो. या वर्गाच्या दप्तरी माझी नोंद फार वर्षांपूर्वी झाली, आणि त्या नोंदीत काही फेरफार होईल असा संभव आता उरलेला नाही.

जेथे आम्ही उभे राहतो ते नांदूर-मध्यमेश्वर म्हणजे निसर्गनिर्मित सरोवर नव्हे, हे आरंभीच सांगितले पाहिजे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी, विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रज अमदानीत एक दगडी बंधारा बांधण्यात आला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या, अवर्षणाने गांजलेल्या मुलखाला पाणी मिळावे, नदीपात्राने येणारे पाणी येथे अडून त्याची पातळी उचलली जावी आणि ते डाव्या-उजव्या कालव्यांनी येवले, कोपरगाव, राहाता या बाजूंस वळते व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. पाखरांसाठी त्यात कोणतीही तरतूद नव्हती. परंतु त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवरची माती धुऊन आणणारी नदी निफाडच्या सपाट काळ्या रानात आली की तिचा वेग मोडतो, बंधाऱ्याशी तर ती जवळजवळ उभीच राहते, आणि वेगाच्या बळावर वाहून आणलेले ओझे तिला तेथेच टाकावे लागते. असे पावसाळ्यामागून पावसाळे गेले. गाळाचे थर चढले, पाणी पसरट आणि उथळ झाले, मधूनमधून बेटे डोके वर काढू लागली, त्यांवर पाणकणसांची दाटी झाली. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात जो आकडा वर्षानुवर्षे तुटीच्या रकान्यात पडत गेला, त्यावरच ही पक्ष्यांची वसाहत उभी राहिली आहे.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या अशा जमिनीला सरकारी भाषेत 'गाळपेर' म्हणतात. मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. खोल धरणाचे पाणी पाहावयास कितीही भव्य असले तरी पक्ष्यांच्या दृष्टीने ते बहुधा ओसाड असते, कारण तळाशी सूर्यप्रकाश पोचत नाही, वनस्पती रुजत नाहीत, आणि वनस्पती नाहीत तेथे गोगलगायी, किडे, अळ्या यांचा संसार कोठून असणार? उथळ पाण्यात याच्या उलट घडते. शिवाय हिवाळ्यात येणारी पुष्कळशी बदके बुडी मारीतच नाहीत. शेपटी आकाशाकडे करून, अर्धे शरीर पाण्यात उलटे घालून, मान पोचेल तेवढ्यावरच ती भागवतात. म्हणून मानेची लांबी हाच त्यांच्या वतनाचा शिवधुरा होतो. इवलेसे चक्रांग बदक अगदी काठच्या चिखलात चोच चालवते. लांब मानेचे तलवार बदक त्याच्याहून हातभर खोल पाण्यातले वेचून घेते. आणि फावड्यासारख्या चोचीचा थापट्या तळाशी जाण्याच्या भानगडीत न पडता पाण्याचा पृष्ठभागच गाळून काढतो, कारण त्याच्या चोचीच्या कडांना फणीच्या दातांसारखी बारीक झालर असते आणि पाणी बाहेर जाऊन सूक्ष्म जीव आत राहतात. चोचीचा जो हिशेब तोच पायांचाही. टिटवी कोरड्या काठावर, धोबी चिखलात, गुलाबी काटक्यांसारख्या पायांचा शेकाट्या त्याच्या पुढे, आणि चमचे व चित्रबलाक त्याही पुढे. असे एका दृष्टिक्षेपात पाण्याची खोली सांगणारे जिवंत मोजमाप येथे रोज सकाळी मांडलेले असते.

ही नावे लिहिताना मला थोडे थांबावेसे वाटते. थापट्या, शेकाट्या, गप्पीदास, हळदी-कुंकू! काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेल्या बदकाला ज्या कोणी प्रथम हळदी-कुंकू म्हटले असेल, त्या व्यक्तीपाशी दुर्बीण नव्हती, पण ती नक्कीच एखादी गृहिणी असावी असा माझा तर्क आहे. काळ्याभोर अंगाच्या, कपाळी पांढरा टिळा लावलेल्या, शेकड्यांनी एकत्र हिंडणाऱ्या पाणपक्ष्याला वारकरी हे नाव देण्यास पंचांग लागत नाही, ग्रंथही लागत नाही. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडताना अशी नावे आदिवासींच्या, पारध्यांच्या, कोळ्यांच्या तोंडून वेचली आणि पुढे 'पक्षिकोशा'त ती संस्कृत पर्यायांशेजारी मानाने बसवली, हे मराठीवरचे मोठे ऋण आहे. आजचे तरुण पक्षीनिरीक्षक मात्र एकमेकांना इंग्रजी नावेच सांगतात. त्यांचे निदान माझ्यापेक्षा पुष्कळ अचूक असते, हे मान्य करूनही तेवढे मला खुपते.

या सर्व मंडळींत ज्याच्या दर्शनासाठी मी थंडी सोसतो तो पट्टकादंब. राखी-पांढरे अंग, पांढऱ्या माथ्यावर मागच्या बाजूने आडवे ओढलेले दोन काळे पट्टे. गावकरी त्याला सरळ राजहंस म्हणतात, आणि त्याची चाल पाहता त्यांना दोष देता येत नाही. तिबेट, मंगोलिया, किरगिझस्तान येथल्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी त्याची वीण होते. तेथले पाणी गोठले, चारा बर्फाखाली गेला की तो दक्षिणेकडे निघतो; पक्षी थंडीला भिऊन पळतात ही समजूत तितकीशी खरी नाही, त्यांना हुसकावते ती बहुतांशी उपासमार. वाटेत हिमालय आडवा असतो. हे हंस एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडून जातात अशी कथा पुष्कळ काळ सांगितली जात असे. अलीकडे पक्ष्यांच्या अंगावर लहानशी यंत्रे बसवून जे उड्डाण मोजले गेले त्यावरून असे दिसले की त्यांनी क्वचित ७,००० मीटरांहून अधिक उंची गाठली असली, तरी एरवी ते दऱ्याखोऱ्यांच्या चढउताराला धरूनच जातात, दरी आली की उतरतात, खिंड आली की पुन्हा चढतात. मिळवलेली उंची अशी घालवणे उधळेपणाचे वाटते खरे, परंतु विरळ हवेत पंख मारण्याचे कष्ट इतके जबर असतात की खाली उतरून पुन्हा चढणेच एकंदरीत स्वस्त पडते. रात्री आणि पहाटे उडण्याचा त्यांचा परिपाठही याच हिशेबातला, कारण थंड हवा दाट असते. पक्षिमात्राच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते, हा लाभ त्यांना आहेच. त्यात यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन मैदानी बदकांपेक्षा प्राणवायू अधिक घट्ट धरून ठेवते. कथा खोटी ठरली, तरी माझे काही नुकसान झाले नाही.

एकदा सूर्य हातभर वर आला असता सारे पाणी अकस्मात उठले. चक्रांगांचा थवा भिरभिरत गेला, वारकऱ्यांची दिंडी पाण्यावरून सपसप धावत एका जागी गोळा झाली, आणि मग पाणकणसांवरून, जणू काही घडलेच नाही अशा संथपणे, दलदली भोवत्या तरंगत आला. तो बहुधा रिकाम्या हातीच जातो. धडधाकट बदकाच्या मागे लागण्यात त्याला स्वारस्य नसते. त्याच्या येण्याने थवा उठतो आणि उठण्यात जो मागे राहतो त्याच्यावर त्याची नजर असते. मध्य आशियातून येणारे त्याचे भाऊबंद आसपासच्या गवताळ माळांवर टोळ आणि उंदीर टिपीत हिंडतात. बांधावरच्या बाभळीवर भोरड्यांचा कलकलाट असतो, हरभऱ्याच्या रानात काडीच्या टोकावर गप्पीदास बसलेला असतो. उसाच्या फडाजवळून जाताना मात्र आम्ही मोठ्याने बोलतो, ते पक्ष्यांसाठी नव्हे. या तालुक्यात फड म्हणजे बिबट्याचे बिऱ्हाड, आणि रामसरच्या दप्तरातही त्याची नोंद आहे.

इराणातल्या रामसर या गावी १९७१ साली पाणथळ जागांसंबंधी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत २०२० च्या जानेवारीत नांदूर-मध्यमेश्वरचे नाव जाहीर झाले, आणि महाराष्ट्रातून हा मान मिळवणारी ही पहिली जागा. अभयारण्य तर ती १९८६ पासूनच होती, आणि 'महाराष्ट्राचे भरतपूर' हे तिचे बिरूद डॉ. सालिम अली यांच्या नावावर सांगितले जाते. हे सगळे योग्यच झाले. पण राज्यात धरणांतला गाळ काढून शेतांवर नेण्याची योजना चालू आहे, आणि इतरत्र तिचे स्वागत करणारा मी, येथे कोणी तिचे नाव काढले तर माझ्या पोटात गोळा येईल. गाळाने एवढे उभे केले असले तरी तो वाढतच राहिला तर पाण्याचे माळरान होण्यास फार काळ लागणार नाही, हेही मला कळते. तेव्हा किती गाळ पुरे, हे ठरवणे पाखरांच्याही हाती नाही आणि माझ्याही. जलपर्णीबद्दल मात्र मला संदेह नाही. वरच्या शहरांचे सांडपाणी तिला खत पुरवते, ती पाण्यावर हिरवी सतरंजी अंथरते, तिच्यावरून कमळपक्षी सुखाने चालतो हे खरे, परंतु बदकांना उतरायला जागा उरत नाही.

जानेवारीत पाणपक्ष्यांची शिरगणती होते. हजारोंच्या थव्यात एकेक पक्षी मोजणे शक्य नसल्याने प्रथम दहांचा एक घास नजरेने तोडावयाचा, तो मनात ठसवून तसे किती घास थव्यात बसतात ते पाहावयाचे, आणि दोन जणांचे आकडे जुळले नाहीत तर पुन्हा आरंभ करावयाचा. एका वर्षी मी पट्टकादंब मोजीत असता एक वृद्ध शेतकरी घोंगडी लपेटून माझ्या पाठीशी येऊन बसले. पट्टकादंब दिवसा पाण्याकाठी विसावतात आणि अंधार पडू लागला की शेतांत चरावयास जातात, हे मी त्यांना सांगू लागलो, तेव्हा ते मान डोलावून ऐकत राहिले. माझा आकडा तीन वेळा चुकला आणि चौथ्या वेळी जुळला.

"झालं का मोजून, साहेब?"

"झालं, काका. एकशे चाळीस."

"मग उद्या पहाटं वावरात या," ते उठता उठता म्हणाले. "हरभऱ्याची किती राहिली, तेवढी मोजून द्या."