माशावरचे ठिपके गेले, तरी रोग का राहतो?

खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशावर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसतात. मासा दगडाला अंग घासतो, भराभर कल्ले हलवतो. आठवड्याभरात ठिपके आपोआप जातात आणि काही दिवसांनी दुपटीने परततात. असं का?

हा ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’ या एकपेशीय परजीवीचा प्रताप. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरून तिथल्या पेशी खातो. पोट भरलं की गळून तळाशी जातो आणि कवचात बंद होतो. आत एकाचे शेकडो होतात. कवच फुटलं की ही पिल्लं नवा मासा शोधत पोहतात. एक-दोन दिवसांत तो मिळाला नाही, तर मरतात.

खात्रीचं निदान सूक्ष्मदर्शकच करतो. कातडीवरचा चिकट स्राव खरवडून पाहिला, की केसाळ गोळा संथ गिरक्या घेताना दिसतो.

उपचार म्हणजे पाण्यात मोजून घातलेलं तांबं. पण कातडीतल्या किंवा कवचातल्या परजीवीला ते मारत नाही, फक्त पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. शेतातलं तण उपटलं तरी मातीतलं बी उरतं, तसंच हे. म्हणून उपचार काही आठवडे चालतो.

तांबं प्रवाळ आणि कोळंबीलाही मारतं. त्यामुळे सगळेच मासे वेगळ्या टाकीत हलवावे लागतात. मूळ टाकीत मासा नसला की पिल्लं उपाशी मरतात. पण काही कवचं दोन महिन्यांहून अधिक तग धरतात. म्हणून अनुभवी पाळणारे ती टाकी ७६ दिवस माशांविना ठेवतात.