भोपळ्याच्या पानावरची भुरी

लाल भोपळ्याला कुणी डांगर म्हणतो, कुणी काशीफळ, कुणी गंगाफळ. नावे निराळी, वेल एकच. न्हाणीच्या पाण्यावर परसात वाढतो, उकिरड्याच्या कडेला वाढतो, कुणाच्या छपरावर चढतो. त्याला फार काही लागत नाही. फळ पुरते पिकवून देठासकट काढले, तर माळ्यावर दोनतीन महिने सहज टिकते. भाजी होते, भरीत होते, गूळ घालून घारगे होतात. आठवड्याच्या बाजारात फोडी करून विकले, तर चार पैसेही मिळतात.

पण वेलाचे पान बिघडले, की यातले काही मिळत नाही. असे का? पान म्हणजे वेलाचे स्वयंपाकघर. उन्हाच्या बळावर पानात साखर तयार होते आणि देठातून फळाला जाते. पानच वाळले तर फळ लहान राहते, पाणचट लागते. शिवाय पानांची सावली गेल्यामुळे कोवळे फळ उन्हाने भाजते. म्हणून आधी पान बघायला शिकायचे.

वेलाच्या पानावर पांढरे दिसले, की लोक घाबरतात. आमच्याकडेही पुष्कळजण पान घेऊन येतात आणि विचारतात, "गुरुजी, हा रोग आहे का हो?" आम्ही आधी एकच सांगतो. बोट लावून बघा.

भोपळ्याच्या कित्येक जातींच्या पानावर जन्मतःच रुपेरी ठिपके असतात. शिरा जिथे फुटतात, तिथे ते जास्त दिसतात. कोवळ्या पानावर असतात, जुन्या पानावर असतात, सगळ्या वेलावर सारख्याच रीतीने असतात. बोटाने कितीही चोळा, पुसले जात नाहीत. तो रोग नव्हे, तो त्या पानाचा रंगच. असला धडधाकट वेल रोगट समजून उपटून टाकलेला आम्ही पाहिला आहे. वाईट वाटते हो.

भुरी मात्र बोटाला लागते. पिठाच्या गिरणीत काम करणाऱ्याच्या अंगावर पीठ बसते ना, तशी ती पानावर बसलेली असते. सुरुवात बुंध्याजवळच्या जुन्या पानांवर होते. रुपयाएवढे, त्याहून लहान गोल पांढरे डाग पडतात. मग डाग एकमेकांना मिळतात. पान वरून पांढरे होते, खालूनही होते. देठ आणि वेलाची कांडीसुद्धा पांढरी पडते. पुढे पान पिवळे होते, तपकिरी होते आणि कुरकुरीत वाळते. फळावर भुरी सहसा येत नाही. फळ मरते ते उपासाने.

ही भुरी म्हणजे एक बुरशी. तिचे बी धुळीहून बारीक असते आणि वाऱ्याने येते. एक गोष्ट मात्र नवलाची आहे. इतर बुरशींना पान ओले लागते, हिला लागत नाही. उलट जोराचा पाऊस तिला धुऊन काढतो. पाऊस उघडला, दिवसा ऊब आणि रात्री गारवा पडू लागला, वेलाची गर्दी झाली, की ती फोफावते. त्यात शेणखतावर वर आणखी युरिया टाकून वेल माजवला, तर मग बघायलाच नको. काकडी, दोडका, कलिंगड हे तिचे सोयऱ्याचे घर. द्राक्षावरही भुरी येते, पण ती निराळी. द्राक्षाची भुरी भोपळ्याला लागत नाही.

आता दुसरा रोग. त्याला केवडा म्हणतात. नाव गोड, काम वाईट. केवडा पावसाळी, दमट हवेत येतो, धुके आणि दव यांच्यावर पोसतो. त्याला मात्र पान ओले लागते. यात पानाच्या वरच्या अंगाला पिवळे डाग दिसतात. ते गोल नसतात. दोन शिरांच्या मधे अडकल्यामुळे कोनाकोनाचे दिसतात, शेताच्या बांधांमधल्या तुकड्यांसारखे. सकाळी दव असताना पान उलटून बघा. डागाच्या बरोबर खाली करडी, किंचित जांभळट लव दिसेल. ऊन चढले की ती नीट दिसत नाही. म्हणून बघायचे ते सकाळीच.

ही दोन लक्षणे वेगळी ओळखण्याला इतके महत्त्व का? कारण एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. आमच्या ओळखीच्या एक बाई काकडी-भोपळा लावून बाजार करीत. पाने पिवळी पडली म्हणून त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने पान बघितलेच नाही, गंधक बांधून दिले. होता केवडा. गंधकाने केवडा हटत नाही. आठ दिवसांत सगळा मांडव वाळला. औषधाचे पैसे गेले आणि त्या हंगामाचा बाजारही गेला. तेव्हा दुकानात जाताना रोगट पान सोबत न्या, आणि त्याआधी कृषी सहायकाला दाखवा.

भुरीवर काय करावे? डाग चारदोन पानांवर असतील तेव्हाच हात घालावा. फार पांढरी झालेली खालची पाने तोडून पुरून टाका. पण सगळा वेल भादरू नका, पाने राहिली तरच फळ पोसेल. वेलाचे शेंडे पसरून द्या, हवा खेळू द्या.

घरच्या एकदोन वेलांना दुधाचे पाणी चालते. हे ऐकून लोक हसतात. पण १९९९ साली ब्राझील देशातील बेटिओल नावाच्या शास्त्रज्ञाने भोपळ्याच्याच कुळातल्या एका भाजीवर याचा प्रयोग करून निष्कर्ष छापला आहे. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून दोनदा, पानाच्या दोन्ही अंगांना. रोगाच्या सुरुवातीलाच फवारले तर उपयोग होतो, पुरते पांढरे झालेले पान त्याने हिरवे होत नाही. एका वेलाला वाटीभर दूध पुरते. लेकराच्या तोंडचे काढून मात्र घालू नये.

वेल जास्त असतील तर पाण्यात विरघळणारे गंधक वापरतात, साधारण लिटरला दोन ग्रॅम. पण भोपळ्याच्या कुळाला गंधक सोसतेच असे नाही. आधी दोनचार पानांवर फवारून दोन दिवस वाट बघा. पान करपले नाही, तरच पुढे जा. कडक उन्हात गंधक नको. निंबोळीचे तेल फवारले असेल तर पुढचे दोन आठवडे तर मुळीच नको, पाने भाजून निघतात.

केवड्याला संध्याकाळी वेलावरून पाणी ओतणे बंद करावे. पाणी बुंध्याशी द्यावे, तेही सकाळी. औषध मॅन्कोझेबसारखे लागते, आणि तेही रोग पसरण्याच्या आधी.

तिसरे एक दुखणे आहे. पाने हिरवी-पिवळी चट्ट्यापट्ट्यांची होतात, फुगतात, आकसतात. तो विषाणू, मावा पसरवतो. त्याला औषध नाही. तेवढा वेल उपटून जाळावा.

आता तुम्ही वाचायला शिकला आहात, तर औषधाची बाटली घेताना तिच्यावरचे वाचा. प्रत्येक बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल विष, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. सौम्य झाले तरी विषच. फवारल्यावर किती दिवस फळ तोडू नये, तेही वाचून बघा. ज्या वेलाच्या फुलांची भजी घरात होतात, त्याच्यावर असले औषध नकोच. आणि फवारणी संध्याकाळी करावी. भोपळ्याची फुले पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात. सकाळी त्यांच्यावर मधमाश्या असतात. मधमाशी मेली तर मादीफुलाला पराग कोण नेऊन देणार? फळच धरणार नाही.

हंगामाच्या शेवटी जुन्या वेलावर भुरी आली, तर आम्ही काही करीत नाही. फळाच्या सालीत नख रुतत नसेल आणि देठ वाळून कडक झाला असेल, तर फळ तयार आहे. चारसहा बोटे देठ ठेवून ते काढून घ्यावे आणि वेल आपल्या मरणाने मरू द्यावा.