एका संगणकाचे निदान

रुग्णांची माहिती परक्या दृष्टीस पडू नये, यासाठी पाच मिनिटे वापर न झाल्यास संगणकाची स्क्रीन आपोआप लॉक व्हावी, असा नियम आम्ही अहवाल वर्षात केला. विंडोजच्या ‘ग्रुप पॉलिसी’ व्यवस्थेत असा नियम सर्व्हरवर एकदाच नोंदवावा लागतो. जोडलेले संगणक साधारणतः दर ९० ते १२० मिनिटांनी तो स्वतःहून घेतात. तरीही एका कक्षात रुग्णांच्या नोंदी उघड्याच राहत असल्याचे परिचारिकांनी निदर्शनास आणले.

रोगनिदानाप्रमाणे आम्ही क्रमाने तपासणी केली. ‘जीपीरिझल्ट’ या आज्ञेच्या अहवालात नव्या नियमाचे नाव नव्हते. घड्याळ सर्व्हरशी जुळत होते. पाच मिनिटांहून अधिक फरक असता, तर सर्व्हरने ओळख नाकारली असती. दोष आढळला तो डीएनएसच्या पत्त्यात. दुरुस्तीच्या वेळी बाहेरील पत्ता लिहिला गेल्याने संगणकास आपला सर्व्हर सापडत नव्हता. साठवलेल्या जुन्या ओळखीवर लॉगिन मात्र होत असल्याने कोणास शंका आली नाही. पत्ता सुधारून ‘जीपीअपडेट’ ही आज्ञा दिली व संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा नियम लागू झाला.

आता प्रत्येक दुरुस्तीनंतर ही तपासणी आम्ही बंधनकारक केली आहे. रुग्णांनी विश्वासाने सांगितलेले जपणे, हाही शुश्रूषेचाच भाग होय, अशी आमची धारणा आहे.